नाव नसलेला रकाना

आमच्या गटाच्या मालकीचं म्हणावं असं फारसं काही नाही. काही चिमटे, धुऊन वाळवलेल्या गोण्या आणि एक वही. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, हिशेबाला वापरतात तशी. पहिल्या पानावर पाण्याचा मोठा डाग आहे. आत पट्टीने आखलेले रकाने: बाटल्या, झाकणं, पातळ पिशव्या, पाऊच, स्ट्रॉ, थर्माकोल, दोरी-जाळी. प्रत्येक रकान्यात चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. शेवटच्या रकान्याचा मथळा आहे ‘ओळख पटत नाही’. सुरुवातीच्या पानांवर हा रकाना सगळ्यांत अरुंद आहे. अलीकडच्या पानांवर बाई तो आधी आखून घेतात आणि उरलेल्या जागेत बाकीचे बसवतात.

बाई म्हणजे आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हाताखाली आमच्यापैकी कुणीच शिकलेलं नाही, पण सगळे त्यांना बाईच म्हणतात. रविवारी सकाळी नदीकाठी जमायला सुरुवात केली तेव्हा ही वही नव्हती. दोन तासांत काठ लख्ख करायचा, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायचे आणि घरी जायचं. त्या फोटोंनी मला दिलेलं समाधान खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. गोण्या बांधून ठेवल्यावर, नुकत्याच मोकळ्या झालेल्या चिखलात एक बगळा येऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे. तो तिथे रोजच येत असेल, पण मला त्या दिवशी दिसला.

पुढच्या रविवारी काठ पुन्हा तसाच. मध्ये पाऊस झाला असेल तर आधीपेक्षा वाईट. झुडपांच्या खालच्या फांद्यांना पिशव्या अशा गुंडाळलेल्या असत, की ओढल्या तर पालाही हातात यावा. असं तीन-चार महिने चाललं. एका सकाळी मी बाईंना म्हणाले, ‘‘फुटक्या माठात पाणी भरतोय आपण.’’ बाई काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘आजपासून मोजून गोणीत टाकायचं. माठ कुठे फुटलाय ते तरी कळेल.’’

मोजायला लागल्यावर कामाचा वेग निम्म्याहून कमी झाला. एक जण उखडलाच. आपण इथे साफसफाईला येतो, कारकुनी करायला नाही, असं म्हणून तो यायचा थांबला. त्याचं मला वाईट वाटलं, कारण त्याच्याएवढं ओझं दुसरं कुणी उचलत नसे. पण दोनच महिन्यांत वहीने आम्हाला अशी एक गोष्ट दाखवली, जी इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. झाकणं बाटल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. प्रत्येक झाकण कधीतरी एका बाटलीवर होतं, मग बाटल्या गेल्या कुठे?

उत्तर अक्कांनी दिलं. अक्का त्याच काठावर आमच्या कितीतरी आधीपासून कचरा वेचतात. आम्ही रविवारी येतो, त्या रोज येतात. आम्ही हौसेने येतो, त्या पोटासाठी. बाटली भंगारात विकली जाते, म्हणून ती कुणीतरी उचलतं. झाकण सुटून पडतं, पाण्यावर तरंगत जातं, एकेका झाकणासाठी कोण वाकणार? अक्का हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या हातात एक चकचकीत पाऊच होता. तो त्यांनी चुरगाळला, आवाज ऐकला आणि परत खाली टाकला. ‘‘हे कुणी घेत नाही ताई. बाहेरून प्लास्टिक, आतून चांदी. हे देवानेसुद्धा वेगळं करता यायचं नाही.’’

प्लास्टिकच्या वस्तूंच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणली. वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे एवढंच ती सांगते. पण बाण गोल फिरताना दिसले, की आपण समजतो, हे पुन्हा वापरात येणार आणि निश्चिंत मनाने टाकून देतो. अक्का त्या त्रिकोणाकडे बघतही नाहीत. त्या आवाज ऐकतात, ताणून बघतात, नखाने ओरखडा काढतात. पातळ मऊ पिशवी चुरगाळली तरी फारशी बोलत नाही, कडक वेष्टन कडकड वाजतं, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या गोणीत जे जातं ते पुन्हा वापरात येण्याची आशा आहे. त्या जे खाली टाकतात ते आमच्या वहीत येतं. आजवर जगात तयार झालेल्या सगळ्या प्लास्टिकचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं होतं. त्यातलं सुमारे ६३० कोटी टन कचरा झालं आणि त्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचं पुनर्चक्रीकरण झालं. हा आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अक्का आल्या, पाऊच चुरगाळून खाली टाकणाऱ्या.

कचरा वेचणाऱ्यांना सोबत न घेता प्लास्टिकविरोधी मोहीम काढणं मला आता अन्याय वाटतो. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. कोलंबियात नोहरा पादिया यांनी अशाच कष्टकऱ्यांना संघटित केलं आणि त्यांच्या कामाला मान्यता व मोबदला मिळवून दिला. २०१३ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ही माणसं पर्यावरणाचं नाव न घेता पर्यावरणाचं काम करत होती. आम्ही मोठे फलक लावून दोन तासांत जेवढं उचलत होतो, तेवढं अक्का आठवड्याभरात एकट्या उचलत असतील. तरी आमच्या पहिल्या दहा-बारा फोटोंपैकी एकाही फोटोत त्या नाहीत. फोटो काढताना त्या बाजूला सरकायच्या आणि आम्ही त्यांना सरकू दिलं.

मोजण्याची कल्पना बाईंची म्हणून आम्हाला तिचा अभिमान होता. पुढे कळलं, की ती बरीच जुनी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी अशीच एक स्वच्छता मोहीम काढली होती. सुमारे २,८०० माणसं आली. दोघींनी त्या सगळ्यांना एक कार्ड दिलं आणि सांगितलं, की उचलाल ते लिहून काढा. त्या कार्डातूनच आजचा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस वाढला. दरवर्षी सप्टेंबरमध्ये कितीतरी देशांतली माणसं किनाऱ्यांवर उतरतात आणि मोजतात. गोण्यांतला कचरा कुठेतरी पुरला जातो किंवा जाळला जातो. कार्ड मात्र राहतं.

आणि कार्डाचं काय होऊ शकतं याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण झाकणाचंच आहे. युरोपातल्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं अशा मोजण्या झाल्या. सर्वांत जास्त सापडणाऱ्या एकदाच वापरायच्या १० वस्तूंची यादी त्यांतून तयार झाली आणि २०१९ मध्ये युरोपीय संघाने त्या यादीवर आधारलेला कायदा केला. २०२१ च्या जुलैपासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, ताटल्या, काटे-चमचे, कानात घालायच्या काड्या यांवर तिथे बंदी आली. जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेलं राहिलं पाहिजे, असा नियम झाला. त्या झाकणामुळे पिताना नाकाला टोचतं, अशी कुरकुर पुष्कळ जणांनी केली. मी मात्र ती बातमी बाईंना वाचून दाखवली तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला. कुठल्या तरी किनाऱ्यावर, थंडीत, बोटं गारठलेली असताना कुणीतरी झाकणं मोजली होती. त्यांनी काढलेल्या रेघा कारखान्यातल्या साच्यापर्यंत पोचल्या होत्या.

आमची वही एवढ्या लांब गेली नाही, पण एका टेबलापर्यंत गेली. त्याआधी आम्ही अर्ज दिले होते, एकदा नाही, अनेकदा. ‘नदीकाठी कचरा फार आहे, कृपया लक्ष द्यावे’, असे. अशा अर्जाचं जे होतं तेच झालं. मग बाईंनी वर्षभराची पानं समोर ठेवून एक तक्ता केला. पाऊस झाल्यानंतरच्या रविवारी कुठल्या टप्प्यात किती सापडलं, कोरड्या रविवारी किती. कोरड्या दिवसांत कचरा काठभर विखुरलेला होता. पावसानंतर त्यातला बराचसा एकाच नाल्याच्या तोंडाशी होता. तो तक्ता पाहून समोरच्या साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, ‘‘हे मोजलं कुणी?’’ बाई म्हणाल्या, ‘‘आम्ही.’’ ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. एके ठिकाणी पान भिजून शाई फुटली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हा रविवारही पावसाचा?’’ त्यानंतर काही महिन्यांनी नाल्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसली.

जाळी बसली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. ती तुंबते, ती उपसावी लागते, आणि उपसायला कुणी आलं नाही की आम्ही फोन करतो. पण त्या दिवशी जिना उतरताना मला जाणवलं, की तक्रार करणारा माणूस आणि नोंद ठेवणारा माणूस यांच्याकडे समोरचा वेगळ्या नजरेने बघतो.

नाला कुठून येतो, हा पुढचा प्रश्न. तो वरून येतो. वर वस्त्या आहेत, दुकानं आहेत. त्यांच्याही वर माल पाठवणारे कारखाने आहेत. लोकमोहिमा इथेच दोन वाटांना फुटतात असं मी पाहिलं आहे. एक वाट सोपी आहे: टाकणाऱ्याला रागवा, त्याला लाज वाटू द्या. ही वाट आपल्याला इतकी ओळखीची का वाटते, याला एक इतिहास आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकायला बंदी केली. त्याच वर्षी ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या पाठीशी बाटल्या आणि डबे बनवणारे उद्योगच होते. पुढे १९७१ मध्ये तिची एक जाहिरात फार गाजली. प्रदूषण माणसं करतात आणि माणसंच ते थांबवू शकतात, असं ती सांगत होती. रस्त्यावर कचरा टाकू नये हे कुणालाही पटेल. पण हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं, की मुळात ही वस्तू अशी बनवली कुणी, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

दुसरी वाट तो प्रश्न विचारायची. प्लास्टिकमुक्तीसाठी जगभरच्या गटांनी २०१६ मध्ये ‘ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक’ ही चळवळ सुरू केली. त्यातल्या माणसांनी आमच्यासारखीच मोजणी केली, पण एक रकाना जास्त आखला. वस्तू कोणती, याच्याशेजारी वस्तू कुणाची. वेष्टनावरचं नाव वाचायचं आणि लिहायचं. २०१८ मध्ये ४२ देशांत हे झालं, आणि १ लाख ८७ हजारांहून जास्त तुकडे तपासले गेले. २०१८ ते २०२२ या काळातल्या अशा नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ८४ देश, १,५७६ मोजण्या, १८ लाखांहून जास्त वस्तू. ज्या वस्तूंवर नाव वाचता आलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त वस्तू अवघ्या ५६ कंपन्यांच्या होत्या. आणि एखाद्या कंपनीचं प्लास्टिक उत्पादन जेवढ्या टक्क्यांनी वाढतं, साधारण तेवढ्याच टक्क्यांनी तिच्या नावाचा कचराही वाढतो, असं त्यांना आढळलं. हे सगळं मोजलं कुणी? शाळेतल्या मुलांनी, गृहिणींनी, मच्छीमारांनी, रविवारी सुट्टी असलेल्यांनी. वाचताना मला त्या साहेबांचा प्रश्न आठवला.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. तपासलेल्या वस्तूंपैकी जवळजवळ निम्म्या वस्तूंवर कुणाचंच नाव वाचता येत नव्हतं. तिच्याकडे मी नंतर येते.

आमच्याकडून चुकाही झाल्या. त्या सांगितल्या पाहिजेत, कारण मोहिमांच्या गोष्टींत त्या सहसा येत नाहीत. पातळ पिशव्या बंद व्हाव्यात म्हणून आम्ही नव्या कोऱ्या सुती पिशव्या छापून वाटल्या. वर झाड, खाली घोषवाक्य. लोकांनी आनंदाने घेतल्या. महिन्याभराने पाहिलं तर बहुतेकांच्या त्या घरीच होत्या, घडी करून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये असा हिशेब मांडला होता, की हवामानावरचा भार एका प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरायचा असेल तर सुती पिशवी ५० ते १५० वेळा वापरली गेली पाहिजे. कापूस पिकवायला पाणी लागतं, जमीन लागते, विणायला वीज लागते. हा हिशेब आम्ही पिशव्या वाटून झाल्यावर वाचला. त्यानंतर आम्ही एकही नवी पिशवी केलेली नाही. जुन्या चादरींच्या, उसवलेल्या पडद्यांच्या शिवतो, आणि देताना विचारतो, ‘‘घरी आधीची आहे का?’’ असेल तर देत नाही. आजच्या प्लास्टिक पिशवीचा आकार स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश माणसाने १९६० च्या दशकात काढला. ती घडी करून खिशात ठेवावी आणि पुन्हा पुन्हा वापरावी, अशीच त्याची कल्पना होती, असं त्याच्या मुलाने सांगितलं आहे. वस्तू टिकाऊच होती. एकदाच वापरायची सवय नंतर लागली.

दुसरी चूक, ‘जैवविघटनशील’ असं छापलेल्या पिशव्यांची आम्ही शिफारस केली. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी एक पिशवी ३ वर्षं मातीत पुरून ठेवली होती. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा तिच्यातून सामान वाहून नेता येत होतं. छापील शब्दावर विश्वास ठेवला, हा आमचा दोष.

तिसरी माझी एकटीची. स्ट्रॉविरुद्ध मी फार तावातावाने बोलत असे. गटातल्या एका काकूंचे हात थरथरतात, त्यांना पेला ओठांना लावता येत नाही. एकदा माझं बोलणं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मी बाहेर काही प्यायचंच नाही का मग?’’ त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. वाकणारा स्ट्रॉ सुरुवातीला रुग्णालयांनीच घेतला होता, पलंगावर पडलेल्या माणसाला पिता यावं म्हणून. प्लास्टिक कुठे हवंच आहे हे न विचारता ते कुठे नको हे ठरवता येत नाही. सलाईनची नळी, रक्ताची पिशवी, इंजेक्शनची सुई ज्यात बंद करून येते ते वेष्टन, यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. दहा मिनिटांच्या सोयीसाठी कित्येक पिढ्या टिकणारी वस्तू बनवायची, याच्याविरुद्ध आहे, आणि पूर्ण जोराने आहे.

लोक मोहिमेत का येतात, याचाही मी विचार करते. आकडे ऐकून कुणी आलेलं मला आठवत नाही. कुणी शेजारणीबरोबर आलं, कुणी घरात फार एकटं वाटतं म्हणून आलं. एक मुलगा वडिलांशी बोलणं तुटलेलं असताना आला. ते दोघे एका गोणीची दोन टोकं धरून चालायचे. बोलायचे नाहीत, पण गोणी हातातून सुटू देत नसत. बालीमधल्या मेलाती आणि इसाबेल वाइसेन या बहिणींनी २०१३ मध्ये पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली तेव्हा त्या १२ आणि १० वर्षांच्या होत्या. सह्या गोळा केल्या, किनारे साफ केले आणि कुणी दाद देईना तेव्हा गांधीजींपासून प्रेरणा घेऊन सूर्योदय ते सूर्यास्त उपोषण केलं. बेटावर पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलवर बंदी आली ती २०१९ मध्ये. मध्ये सहा वर्षं गेली. बारा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात सहा वर्षं म्हणजे सगळं बालपण. गाम्बियातल्या न्जाऊ गावात इसातू सीसे यांनी १९९७ मध्ये मूठभर बायकांना सोबत घेऊन टाकलेल्या पिशव्या धुऊन, कापून, विणून बटवे करायला सुरुवात केली. गावात लोक हसायचे. त्यांच्या देशात पिशव्यांवर बंदी आली २०१५ मध्ये.

आणि बंदी आली म्हणजे संपलं, असंही नाही. पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा पहिला देश बांगलादेश. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांनी पाणी अडवून धरलं होतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून २००२ मध्ये ती बंदी आली. पिशव्या पुन्हा बाजारात आल्या, आणि २०२४ मध्ये तीच बंदी नव्याने अमलात आणायला सुरुवात करावी लागली. मला यात पराभव दिसत नाही. जाळीसारखंच आहे हे. बसवायची आणि मग उपसत राहायची.

नाल्याच्या वर वस्ती, वस्तीच्या वर कारखाना, असं मी मघाशी म्हटलं. कारखान्याच्याही वर खनिज तेल आणि वायू आहे, कारण जवळजवळ सगळं प्लास्टिक त्यांपासूनच बनतं. अमेरिकेत लुईझियाना राज्यातल्या सेंट जेम्स भागात मिसिसिपी नदीच्या काठी रसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत. तिथे शॅरन लविन या निवृत्त शिक्षिकेने २०१८ मध्ये आपल्या बैठकीच्या खोलीत शेजाऱ्यांना गोळा केलं. प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा आणखी एक मोठा कारखाना तिथे येणार होता. २०१९ मध्ये कंपनीने तो प्रकल्प मागे घेतला. २०२१ मध्ये लविनना गोल्डमन पुरस्कार मिळाला. निवृत्त शिक्षिका हे वाचून मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा वाचला आणि विचारलं, ‘‘खोलीत पहिल्या दिवशी किती जण आले होते?’’ त्यांना नेहमी असलेच प्रश्न पडतात.

मार्च २०२२ मध्ये नैरोबीत देशांनी ठरवलं, की प्लास्टिकवर जगाला बांधील करणारा करार करायचा. मग पुंता देल एस्ते, पॅरिस, नैरोबी, ओटावा, बुसान अशा फेऱ्या झाल्या. उत्पादनालाच मर्यादा घाला, असं बरेच देश म्हणत होते. फक्त कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल बोला, असं तेल विकणारे देश म्हणत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातली फेरीही करार न होताच संपली. ती बातमी आली त्या शनिवारी मला रात्री झोप लागली नाही. इतक्या लांबच्या सभागृहातल्या गोष्टीचं मला इतकं का लागावं? कारण आम्ही काठावर जे वाकून उचलतो, ते आणखी वीस वर्षांनी किती असेल हे त्या सभागृहात ठरत होतं, आणि ठरलं नाही.

सकाळी उठून मी गेले. जायचं की नाही असा प्रश्न मनात आला नाही, एवढं खरं. रविवार होता. रात्री पाऊस होऊन गेला होता. जाळीपाशी पाणी फुगलं होतं आणि अडकलेल्या पिशव्या, पाऊच, बाटल्या यांचा थर हलत होता. मोठं ते सगळं अडलं होतं. जाळीखालच्या चिखलात मात्र तांदळाएवढे, मुगाएवढे, नखाएवढे रंगीत तुकडे पसरले होते. निळे, पांढरे, एखादा लाल. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, तुटतं, त्याचे तुकडे पुन्हा तुटतात, पण ते संपत नाही. रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या अशा बारीक कणांना सूक्ष्मप्लास्टिक हे नाव दिलं. त्यानंतर ते माशांत सापडले, मिठात सापडले, आईच्या वारेत आणि माणसाच्या रक्तातही सापडले. जाळीच्या भोकांना त्यांचं काही वाटत नाही. अक्का त्यांच्यासाठी वाकत नाहीत, वाकणं शक्यही नाही. निम्म्या वस्तूंवर नाव नव्हतं असं जे त्या निबंधात आहे, ते या चिखलात उभं राहिलं की समजतं. ती नावं कधीतरी ठळक अक्षरांत छापलेली होती.

गटात नवीनच आलेली एक लहान मुलगी, असेल आठ-नऊ वर्षांची, बाईंच्या शेजारी पाट टाकून बसली होती. पांढऱ्या ताटलीत चिखल घ्यायचा, पाणी ओतायचं, वर येतील ते तुकडे चिमट्याने उचलायचे, हे काम बाईंनी तिला दिलं होतं. तिने एक निळा तुकडा उचलून उन्हात धरला. त्याची एक कड वळलेली होती आणि तिच्यावर बारीक खाचा होत्या.

‘‘बाई, हे आधी काय होतं?’’

बाईंनी तो तळहातावर घेतला. मग मला दिला. मी अक्कांना दिला. अक्कांनी तो नखाने ओरखडून बघितला, दोन बोटांत दाबून बघितला, कानापाशीही नेला आणि मान हलवली.

मुलीने तुकडा परत घेतला आणि ताटलीच्या कडेला वेगळा ठेवला. बाईंनी शेवटच्या रकान्यात एक उभी रेघ ओढली.

‘‘पुढचा दाखव,’’ त्या म्हणाल्या.